कानटोपीची संहिता

मराठीत 'नमुना' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. विणकामाच्या पुस्तकात तो सुलट-उलट टाक्यांची मांडणी सांगतो; आणि घरात किंवा कचेरीत एखादी व्यक्ती चारचौघांहून विक्षिप्त निघाली, की तिलाही आपण 'नमुना' म्हणून मोकळे होतो. हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत एकवटलेले पाहायचे असतील, तर 'फायरफ्लाय' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील एका लोकरी कानटोपीकडे पाहावे. केशरी, पिवळ्या आणि तांबूस छटांची, दोन्ही बाजूंना कानांवर लोंबणारे पदर असलेली आणि माथ्यावर गोंडा मिरवणारी ही टोपी पडद्यावर फार थोडा वेळ दिसते. तरीही गेल्या वीस-बावीस वर्षांत तिच्या असंख्य प्रती विणल्या गेल्या, तिच्यासाठी नमुने लिहिले गेले आणि अखेर तिच्यावरून मालकीचा वादही उभा राहिला.

साहित्याच्या अभ्यासकांनी एका टोपीच्या नादी का लागावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की संहिता कोणाची, प्रत कशाला म्हणावे आणि कर्तृत्वात वाचकाचा वाटा किती, हे आपण वर्गात खडूफळ्याने सोडवू पाहतो ते प्रश्न या टोपीच्या इतिहासात फार स्पष्टपणे पुढे येतात. म्हणून तो इतिहास आम्ही क्रमाने मांडतो.

जॉस व्हीडन याने निर्माण केलेली 'फायरफ्लाय' ही मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. काळ पाचशे वर्षांनंतरचा. माणसाने दूरच्या ग्रहांवर वसाहती केल्या आहेत, पण सीमेवरच्या वस्त्यांत अजून घोडे, धूळ आणि दारिद्र्यच आहे. गृहयुद्धात हरलेल्या बाजूचा एक सैनिक जुनाट मालवाहू यान घेऊन बऱ्यावाईट मार्गाने पोट भरतो. त्याच्या तांड्यात जेन कॉब नावाचा भाडोत्री बंदूकबाज आहे. ही भूमिका अ‍ॅडम बाल्डविन या नटाने केली. जेन लोभी आहे, उद्धट आहे, आणि जास्त पैसे मिळाले तर सोबत्यांना विकायलाही कमी करणार नाही असा आहे. थोडक्यात, मराठी अर्थाने पुरता नमुना.

'द मेसेज' या भागात या माणसाला टपालाने आईचे पार्सल येते. त्यात एक चिठ्ठी आणि ही टोपी. जेन चिठ्ठी अडखळत मोठ्याने वाचतो. त्याने पाठवलेल्या पैशांची पोच, घरातले आजारपण आणि प्रवासात ऊब राहावी म्हणून सोबत काही विणून पाठवले आहे, एवढाच मजकूर. तो टोपी तत्काळ डोक्यावर चढवतो आणि कशी दिसते म्हणून विचारतो. सोबत्यांना हसू आवरत नाही. यानचालक तर म्हणतो, की असली टोपी घालून रस्त्याने जाणारा माणूस कशालाच भीत नाही हे लोकांना आपोआप कळेल. ज्याच्या घरी कोणी वाट पाहत असेल असे कधी वाटले नव्हते, त्याची आई आहे, ती विणते, आणि तो तिला नेमाने पैसे पाठवतो, हे सारे एका टोपीने सांगून टाकले.

त्याच टपालात दुसरे पार्सल आहे. ती शवपेटी असून तिच्यात कप्तानाचा युद्धातला एक जुना सोबती आणि त्याने ध्वनिमुद्रित केलेला निरोप आहे. पुढे कळते, की तो मेलेलाच नाही. शरीरात चोरटा माल दडवून त्याने मरणाचे सोंग घेतले आहे. कथानकाच्या ओघात ते सोंग खरे होते, आणि शेवटी सोबती त्याचा देह बर्फात उभ्या असलेल्या त्याच्या आप्तांच्या स्वाधीन करतात. दोन पार्सले, दोन निरोप. एकात कपट आणि दुसऱ्यात लोकर. हास्यासाठी आलेली टोपी भागाच्या अखेरीस एवढी जड का होते, याचे कारण या रचनेत आहे.

गंमत अशी, की हा भाग २००२ मध्ये अमेरिकेत दाखवलाच गेला नाही. मालिकेचे चौदा भाग तयार झाले होते. त्यांपैकी अकरा दाखवून डिसेंबर २००२ मध्ये वाहिनीने मालिका बंद केली. डिसेंबर २००३ मध्ये डीव्हीडीचा संच बाजारात आला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना हा भाग हाती लागला. यातून एक महत्त्वाची गोष्ट घडली. प्रक्षेपित भाग डोळ्यांसमोरून निघून जातो. तबकडीवरचा भाग थांबवता येतो, मागे नेता येतो. जिला विणता येते अशी प्रेक्षक चित्र थांबवून टाके मोजू शकत होती.

आणि तसेच झाले. मालिकेने टोपी दाखवली होती, तिचा नमुना दिला नव्हता. तो विणणाऱ्यांनी चित्रावरून अनुमानाने लिहिला. कोणी दोन्ही कानपदर आधी विणून, मधल्या जागेत नवे टाके घालून मग गोल विणत वर गेली. कोणी टोपीचा घेर आधी पुरा करून कानपदरांसाठी कडेचे टाके नंतर उचलले. कोणी जाड लोकर घेतली, कोणी बारीक लोकरीचे दोन धागे एकत्र धरले. माथ्याकडे येताना टाके किती ओळींनी कमी करायचे, केशरी कुठे संपतो, गोंड्यात कोणते रंग मिसळतात, यांवर मतभेद झाले. २००७ मध्ये 'रॅव्हलरी' हे विणकाम करणाऱ्यांचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर असे निरनिराळे नमुने शेजारी शेजारी नांदू लागले. मूळ हस्तलिखित हाती नसताना उपलब्ध साक्षींवरून पाठ सिद्ध करणे, ही पाठचिकित्सेची रीत आपल्याला परिचित आहे. इथे ती सुयांनी पार पडली, आणि पाठभेदही जपले गेले.

विणीचा नमुना हा मुळातच विलक्षण वाङ्मयप्रकार आहे. इंग्रजीत मोजे विणण्याची छापील कृती १६५५ च्या एका पुस्तकात सापडते. पुढे १८४० मध्ये एडिंबरा येथे जेन गॉगेन हिचे विणकामाचे पुस्तक निघाले आणि त्यात टाक्यांसाठी संक्षिप्त खुणा वापरल्या गेल्या. या लेखनात सारी क्रियापदे आज्ञार्थी असतात. त्यात 'मी' नसतो आणि वर्णन जवळजवळ नसते. ते नुसते वाचून पुरे होत नाही, हातांनी करावे लागते. एकाच नमुन्यावरून दोघींनी विणले तरी एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. दोन टोप्या मापाला सारख्या उतरत नाहीत. वाचकाविना संहिता अपुरी असते, हा सिद्धांत आपण मोठ्या कष्टाने शिकवतो. विणणारीला तो कोणी शिकवावा लागत नाही.

टोपीचा घाटही मालिकेने शोधलेला नव्हे. कानपदरांच्या लोकरी टोपीला अँडीज पर्वताच्या प्रदेशात 'चुल्यो' म्हणतात. पेरू देशातील टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तिथे अशा विणीच्या टोप्या पुरुष विणतात, आणि टोपीवरून माणूस विवाहित की अविवाहित हे ओळखता येते. या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. म्हणजे टोपी वाचता येते, ती घालणाऱ्याविषयी काही सांगते, ही कल्पना मालिकेहून पुष्कळ जुनी आहे.

आणि टोपीवर हुकूमत चालवू पाहणारी सत्ताही तितकीच जुनी आहे. इंग्लंडच्या संसदेने १५७१ मध्ये कायदा केला, की सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी व सणाच्या दिवशी इंग्लंडात बनलेली लोकरी टोपी घालावी. न घातल्यास दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. उमराव आणि सुखवस्तू यांना यातून सूट होती. हेतू टोपी विणणाऱ्यांचा धंदा वाचवण्याचा होता. परंतु लोकांची आवड बदलली होती, आणि १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. टोपी घालायला भाग पाडणारा तो कायदा आणि टोपी विकू नका सांगणारी आजची नोटीस, या दोहोंत साडेचारशे वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न एकच आहे: डोक्यावर काय असावे, हे ठरवायचे कोणी?

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा प्रश्न आधी ब्रिटनमध्ये उभा राहिला. १९७४ मध्ये 'डॉक्टर हू' मालिकेत टॉम बेकर हा नट नायक झाला, तेव्हा वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचेसन याने बेगोनिया पोप नावाच्या विणकर बाईकडे भरपूर लोकर दिली. तिने ती सगळीच विणून टाकली, आणि त्यातून तो प्रसिद्ध लांबलचक गळपट्टा निघाला. पुढील वर्षांत प्रेक्षकांनी मागणी केली तेव्हा बीबीसीने त्याचा नमुना कागदावर छापून त्यांना पाठवला. त्याच संस्थेने २००८ मध्ये मात्र, मालिकेतील एका गुबगुबीत प्राण्याचे विणीचे नमुने फुकट देणाऱ्या एका विणणारीला ते काढून टाकण्यास सांगितले. त्या नमुन्यांवरून कोणा तिसऱ्यानेच बाहुले विणून विकायला काढले होते. दोन घटनांमध्ये विणकाम बदलले नव्हते. मधल्या काळात इंटरनेटमुळे घरातली वीण बाजाराच्या नजरेत आली होती.

जेनच्या टोपीचे २०१३ मध्ये हेच झाले. तोवर कित्येक जणी ती विणून 'एट्सी' या हस्तकलेच्या बाजारपेठेत विकत होत्या. त्या वर्षी फॉक्सने 'रिपल जंक्शन' या कंपनीला टोपी बनवण्याचा परवाना दिला, 'थिंकगीक' या दुकानात ती विक्रीस आली, आणि हाताने विणून विकणाऱ्यांना विक्री थांबवण्याच्या सूचना मिळू लागल्या. चाहते संतापले. तेव्हा 'थिंकगीक'ने या टोपीवरचा नफा 'कान्ट स्टॉप द सेरेनिटी' या चाहत्यांच्या धर्मादाय उपक्रमाला देण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये फॉक्सचा चित्रनिर्मितीचा व्यवसाय डिस्नेने विकत घेतला, आणि ते दुकानही त्याच वर्षी स्वतंत्र राहिले नाही. परवाना देणारे आणि घेणारे बदलत गेले. टोपी विणली जातच आहे.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये 'बेकर विरुद्ध सेल्डन' या खटल्यात हिशेब-पद्धतीच्या पुस्तकासंबंधी ठरवले, की पुस्तकातील मांडणी लेखकाची, पण त्यात सांगितलेली पद्धत सर्वांची. या न्यायाने नमुन्याचे शब्द लिहिणारीचे, टाके मात्र कोणाचेच नव्हेत. कपड्याचा निव्वळ घाट उपयुक्त वस्तू म्हणून स्वामित्वहक्काच्या बाहेर राहतो. मात्र २०१७ मध्ये 'स्टार अ‍ॅथलेटिका' खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की कपड्यावरील सजावट कपड्यापासून वेगळी कल्पिता येत असेल आणि ती स्वतंत्र कलाकृती ठरत असेल, तर तिला संरक्षण मिळू शकते. शिवाय मालिकेच्या आणि पात्राच्या नावाखाली माल विकणे हे आणखी निराळे प्रकरण.

इथे भाबडेपणा टाळला पाहिजे. टोपी विकणाऱ्या स्त्रियाही व्यवहारच करत होत्या. दुसऱ्याने रचलेल्या कथेच्या लोकप्रियतेवर त्यांची विक्री उभी होती, हे नाकारून चालणार नाही. लेखकाने पात्र घडवले, मालिकेत पैसा गुंतवला गेला, तेव्हा त्यांचा काहीच हक्क नाही असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. कंपनीने टोपीचे रंग आणि घाट यांची मालकी सांगितली, पण तिला मोल आले ते कथेत ती जे होती त्यामुळे. कथेत ती विकत घेता येत नाही. ती एका डोक्यासाठी, एका हाताने, थोडी ओबडधोबड विणलेली आहे. कारखान्यातून निघालेल्या सारख्या टोप्या रंगाला बिनचूक असतील, पण त्या भागाचे वाचन म्हणून त्या चुकीच्याच आहेत. उलट, मुलासाठी वा मैत्रिणीसाठी जी कोणी ती घरी विणते, तिचे गोंड्याचे रंग चुकले तरी ती त्या प्रसंगाचा अर्थ पुन्हा एकदा घडवते. जात्यावरची ओवी एकीने दुसरीकडून घेतली म्हणून ती चोरी ठरत नाही, आणि घेताना शब्द फिरले म्हणून ओवी खोटीही ठरत नाही.

अभ्यासक म्हणून आम्हाला या इतिहासातून एवढेच सुचवायचे आहे, की वाचकाच्या सहभागाविषयी बोलताना आपण केवळ समीक्षेच्या पुस्तकांकडे पाहू नये. बंद पडलेल्या मालिकेतील, प्रक्षेपितही न झालेल्या भागातील एक वस्तू वाचकांनी चित्र थांबवून वाचली, शब्दांत उतरवली, हातांनी सिद्ध केली आणि एकमेकींना दिली. मालिका अकरा भाग दाखवून थांबली. टोपीचे नमुने मात्र दरवर्षी थंडी पडू लागली, की कोणाच्या ना कोणाच्या सुयांवर पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरू होतात.