तारेखालची सही : जॉन एफ.

१२ नोव्हेंबर १९६९ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलहून न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट मायर्स या शिल्पकाराला एक तार गेली. मजकूर इनमिन एका ओळीचा. तुमचे काम झाले, सगळे ठीक आहे, सर्व यंत्रणा सज्ज आहेत, असा त्याचा आशय. इंग्रजीत एक ढोबळ चूकही आहे. 'यू आर' हवे तिथे 'युअर' पडले आहे. खाली सही : जॉन एफ. दोन दिवसांनी अपोलो १२ उडाले. पहिल्याच मिनिटात त्याच्यावर दोनदा वीज कोसळली, तरी ते चंद्रापर्यंत पोहोचले आणि १९ नोव्हेंबरला त्याचे 'इंट्रेपिड' हे चांद्रयान वादळांच्या महासागरात उतरले.

मायर्सचे म्हणणे असे की या तारेचा अर्थ एकच. इंट्रेपिडच्या एका पायाला सिरॅमिकची एक नखाएवढी पाटी लपवून बसवली गेली असून तिच्यावर सहा चित्रकार-शिल्पकारांची सहा रेखाटने कोरलेली आहेत. पाटीचे नाव 'मून म्युझियम', म्हणजे चंद्रावरचे संग्रहालय. हे म्हणणे खरे मानायचे तर कोणत्या कागदावर, आणि कुठपर्यंत मानायचे, एवढाच या लेखाचा विषय.

आधी जे निर्विवाद आहे ते. मायर्सने प्रथम सरळ मार्गाने नासाकडे परवानगी मागितली. त्याच्या सांगण्यानुसार नकार आला नाही आणि होकारही आला नाही. सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मग तो 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेकडे वळला. कलावंत आणि इंजिनियर यांची गाठ घालून देण्यासाठी बेल लॅब्जमधले बिली क्लूव्हर आणि फ्रेड वाल्डहॉअर, आणि रॉबर्ट रॉशेनबर्ग व रॉबर्ट व्हिटमन हे कलावंत, अशा चौघांनी ती उभी केली होती. (हीच संस्था त्याच सुमारास विक्रम साराभाईंच्या सहकार्याने आणंदच्या दूधसंघात शैक्षणिक टेलिव्हिजनचा एक प्रकल्प आखत होती. चंद्र आणि म्हशी एकाच फायलींच्या कपाटात.) वाल्डहॉअरने बेल लॅब्जमधले सहकारी मिळवून दिले. टेलिफोनची सर्किटे बनवण्याचे तंत्र त्यांच्या हातातले होते. त्याच तंत्राने रेखाटने बारीक करून टँटलम नायट्राइडच्या पातळ थरात सिरॅमिकवर उतरवली गेली. पाटी पाऊण इंच लांब, अर्धा इंच रुंद. अशा सोळा ते वीस पाट्या तयार झाल्या. एक चंद्रासाठी, बाकीच्या कलावंतांकडे आणि मदत करणाऱ्यांकडे गेल्या. त्यांपैकी एक आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. म्हणजे पाटी बनली का, हा प्रश्न उरत नाही. ती पाहता येते, मोजता येते.

रेखाटने साधी आहेत. रॉशेनबर्गने एक सरळ रेघ दिली आणि विषय संपवला. क्लेस ओल्डनबर्गचा भौमितिक मिकी माऊस आहे. डेव्हिड नोव्ह्रोसचा बारीक पांढऱ्या रेघांनी चिरलेला काळा चौकोन आहे, जॉन चेंबरलेनचे चित्र सर्किटच्या आराखड्यासारखे आहे आणि मायर्सने स्वतः संगणकाकडून काढून घेतलेली गुंफण आहे. अँडी वॉरहॉलने आपल्या नावाची आद्याक्षरे अशी जुळवली की पाहणाऱ्याला रॉकेट दिसावे, नाहीतर शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर हमखास आढळणारे चित्र. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सभ्यपणे त्याला सहीच्या आद्याक्षरांची वळणदार रेघोटी म्हटले. पुढे वारंवार छापल्या गेलेल्या एका छायाचित्रात पाटी धरणाऱ्याचा अंगठा नेमका त्या चित्रावर आला आहे. साधनांची छाटणी कात्रीनेच होते असे नाही.

आता अवघड भाग. बेल लॅब्जमधली पाटी आणि चंद्रावरची पाटी यांच्यामधला दुवा एका माणसाचा आहे. चांद्रयान ग्रमन कंपनीने लाँग आयलंडवरच्या बेथपेज इथे बांधले होते. वाल्डहॉअरच्या ओळखीचा ग्रमनमधला एक इंजिनियर पाटी यानावर चढवायला तयार झाला, असे मायर्स सांगतो. जॉन एफ. तो हाच. त्याचे खरे नाव कोणत्याही ज्ञात कागदावर नाही.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींना अस्सल पत्रांसमोर उभे करून त्यांची झडती घेतली होती. घटना घडत असताना लिहिलेला कागद वेगळा आणि घटनेनंतर सांगितलेली हकीकत वेगळी, हा धडा मराठी वाचकाला तेव्हापासून पाठ आहे. त्या मापाने पाहिले तर या प्रकरणात समकालीन कागद दोनच आहेत, एक तार आणि एक बातमी.

तार अस्सल मानायला मला अडचण वाटत नाही. तिच्यावर तारीख आहे, वेळ आहे, ठिकाण आहे. शब्दांतली चूक पुष्कळांना खरेपणाची खूण वाटते, पण ती जॉन एफ.ची की तारबाबूची हे कोण सांगणार? चुकीला पुरावा करू नये. प्रश्न तार काय सिद्ध करते हा आहे. तिच्यात चंद्राचे नाव नाही, पाटीचे नाव नाही, पायाचे तर नाहीच. उड्डाणाच्या दोन दिवस आधी केप कॅनाव्हरलला कोणीतरी होते, त्याला मायर्स माहीत होता, आणि काम झाले असे मायर्सला कळवणे त्याला गरजेचे वाटले, इतकेच तिच्यावरून ठरते. १२ नोव्हेंबरपर्यंत रॉकेट प्रक्षेपणतळावर येऊन दोन महिने उलटले होते आणि चांद्रयान त्याच्या वरच्या भागात आवरणाआड बंद होते. तिथे हात पोहोचणारी माणसे मोजकी. तार पाठवणारा त्या मोजक्यांत होता की बाहेर उभा राहून मित्राला खूश करत होता, हे तार सांगत नाही.

दुसरा कागद २२ नोव्हेंबरच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'चा. बातमी ग्रेस ग्लूक यांची. मथळ्याचा अर्थ असा : न्यूयॉर्कचा शिल्पकार म्हणतो, इंट्रेपिडने चंद्रावर कला ठेवली. त्यातला 'म्हणतो' फार मोलाचा आहे. वर्तमानपत्राने जबाबदारी शिल्पकाराच्या खांद्यावर ठेवली आणि स्वतः मोकळे झाले. तेव्हा अंतराळवीर पीट कॉनरॅड आणि ॲलन बीन यांना चंद्रावरून निघून दोन दिवस झाले होते आणि यानाचा खालचा भाग, चारही पायांसकट, तिथेच राहिला होता. खात्री करून घेण्याची वेळ टळली होती. नंतर या कथेला जे जे जोडले गेले, त्यातले बरेचसे या एका बातमीचेच वंशज आहेत. एकाच आवाजाचे दहा प्रतिध्वनी म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

तिसरे साधन उत्तरकालीन आहे. २०१० साली अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीवरच्या 'हिस्टरी डिटेक्टिव्हज' या मालिकेने प्रकरण पुन्हा उकरले, तार पडद्यावर दाखवली आणि अपोलो १२ च्या प्रक्षेपणतळावरचा फोरमन रिचर्ड कुपचिक याला गाठले. त्याने सांगितलेली गोष्ट मला साऱ्या प्रकरणात सर्वांत वजनदार वाटते. यानाच्या खालच्या भागाभोवती उष्णतेपासून बचावासाठी सोनेरी दिसणाऱ्या पातळ पापुद्र्यांचे थरावर थर गुंडाळलेले असत. तळावरची माणसे त्या थरांमध्ये आपल्या खासगी आठवणींच्या वस्तू सरकवून देत. कुपचिकची साक्ष एक्केचाळीस वर्षांनंतरची आहे आणि पाटी बसवताना त्याने कोणाला पाहिलेले नाही. पण ती मायर्सच्या बाजूची साक्ष नाही, त्यात त्याचा काही फायदा नाही, आणि ती एका व्यक्तीबद्दल नसून रिवाजाबद्दल आहे. रिवाजाची आठवण माणसाला सहसा दगा देत नाही. देवळाच्या पायात गुपचूप नाणे टाकणारा गवंडी कोण हे विसरले जाते, पण नाणे टाकत असत हे गावाला ठाऊक असते.

याच उड्डाणात आणखी एक चोरटा मजकूर गेला होता, आणि त्याच्याबद्दल मात्र शंकेला जागा नाही. चंद्रावर चालताना कॉनरॅड आणि बीन यांच्या मनगटावर कामांच्या यादीची छोटी पानांची वही बांधलेली होती. राखीव चमूतल्या खोडकरांनी तिच्यात स्नूपीची व्यंगचित्रे तर घातलीच, वर 'प्लेबॉय' मासिकातल्या स्त्रियांची छायाचित्रेही भूगर्भशास्त्रीय निरीक्षणाच्या थाटातल्या ओळींसकट डकवली. पाने उलटता उलटता दोघांना ती चंद्रावरच सापडली. वह्या पृथ्वीवर परत आल्या, त्यांच्या पानांच्या प्रती आज कोणालाही पाहता येतात. पाटी गेली असेल तर ती आणि वही दोन्ही एकाच यानातून गेल्या. एक परत आली म्हणून इतिहास झाली, दुसरी परत यायची नव्हतीच म्हणून दंतकथेच्या उंबऱ्यावर थांबली.

त्या राखीव चमूतले तिघे होते डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वॉर्डन आणि जेम्स आयर्विन. सुमारे वीस महिन्यांनी हेच तिघे अपोलो १५ मधून निघाले. स्कॉटने गाजावाजा न करता पॉल व्हॅन होएडाँक या बेल्जियन कलावंताची साडेआठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची मूर्ती, मृत अंतराळवीरांच्या चौदा नावांच्या पाटीसह, चंद्राच्या मातीत ठेवली आणि तिचे छायाचित्र काढले. शिवाय त्यांनी परवानगीशिवाय ३९८ टपाल-पाकिटे नेली. ते प्रकरण अंगाशी आले, १९७२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे गेले, आणि त्यामुळे त्या पाकिटांचा हिशेब आज जवळजवळ पाकिटागणिक सापडतो. चौकशी झाली की कागद तयार होतात. जॉन एफ.ची चौकशी झाली नाही, हे त्याचे सुदैव आणि आपले दुर्दैव.

मंजुरीच्या वाटेने गेलेल्या कलेचे दप्तर कसे भरगच्च असते, याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. याच रॉशेनबर्गला नासाने जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे उड्डाण पाहायला रीतसर आमंत्रण दिले होते. त्यावरची 'स्टोन्ड मून' ही शिळाछापांची मालिका प्रसिद्ध आहे. चार महिन्यांनी त्याचीच एक रेघ मागच्या दाराने निघाली. १९७७ च्या व्हॉयेजरवरच्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, मराठीतला नमस्कारही आहे. ती निवड कोणी केली, का केली, यावर निवड करणाऱ्यांनीच पुढच्या वर्षी अख्खे पुस्तक लिहिले. मात्र त्याच तबकडीच्या शेवटच्या मोकळ्या पट्ट्यात, जिथे सुईला वाजवायला काही उरत नाही, तिथे तबकडीचा निर्माता टिमथी फेरिस याने संगीत घडवणाऱ्यांना उद्देशून एक ओळ हाताने कोरली. आराखड्यात ती नव्हती, त्यामुळे तपासणीत तबकडी बाद व्हायची वेळ आली. अंतराळात गेलेल्या लपवाछपवीत हस्ताक्षराने जवळजवळ घात केला, असे हे एक उदाहरण.

पाटीकडे परत येऊ. चंद्रावरच्या छायाचित्रांत इंट्रेपिडचे पाय दिसतात; त्यांत पाटी दिसल्याचे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही. पण थरांच्या आत असेल तर ती दिसणारच नाही, तेव्हा हा मौनाचा पुरावा निकामी. टेलिव्हिजनचे चित्रणही फारसे नाही, कारण पहिल्याच फेरीत टेलिव्हिजन कॅमेरा सूर्याकडे वळून जळाला. तो वळवणारा ॲलन बीन १९८१ मध्ये नासा सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला आणि उरलेले आयुष्य चंद्रच रंगवत राहिला. त्या पायाच्या सर्वांत जवळून गेलेला कलावंत तोच, पण तेव्हा त्याला पाटीची कल्पना असल्याची कुठे नोंद नाही. नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने २०११ मध्ये हे ठिकाण खाली येऊन टिपले. त्यात यानाचा खालचा भाग ओळखू येतो, दोघांच्या पायवाटाही दिसतात. त्या चित्रातला एक ठिपका सुमारे पाव मीटरचा. पाटी एकोणीस मिलिमीटरची.

तेव्हा पाटी बनली हे सिद्ध, ती फ्लोरिडाकडे निघाली हे बहुधा खरे, आणि यानाच्या थरात तिला सरकवणे त्या तळावर शक्य होते, हे कुपचिकच्या साक्षीने पटते. त्यापुढे फक्त जॉन एफ.चा शब्द आहे, आणि तो आपल्याला दिलेला नव्हता, मायर्सला दिलेला होता. मायर्सने त्यावर विश्वास ठेवला. मीही ठेवतो, पण छापील इतिहासात माझ्या विश्वासाला किंमत नाही. या लेखातल्या इतर तारखांपुढे मी 'झाले', 'पोहोचले', 'उतरले' असे लिहीत आलो आहे. १९ नोव्हेंबर १९६९ या तारखेपुढे 'पाटी चंद्रावर उतरली असावी' असे लिहिले आहे, आणि इंट्रेपिडच्या पायाशी कोणी पुन्हा जाईपर्यंत ते तसेच राहील.