पेठेतला बोळ आणि गुंठ्याची वाट

पुण्याचा इतिहास सांगताना वाड्यांचे वर्णन हौसेने होते. दोन वाड्यांमधल्या वाटेकडे क्वचितच कोणी पाहतो. वस्तुतः शहराचे सारे चलनवलन त्या वाटेवर अवलंबून असते. पेशवाईत नव्या पेठा वसल्या, त्यांचे रस्ते अरुंद खरे. परंतु बोळ बोळाला मिळे, आणि एक वाट अडली तरी दुसरीने बाहेर पडता येई. पायी चालणाऱ्यास याहून अधिक काय हवे?

मुठेपलीकडे जाण्यास पानिपतानंतर, १७६१ मध्ये लाकडी पूल झाला. पुढे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने एक शहाणपणाची रीत घालून दिली. अनेकांची शेते एकत्र करावयाची, प्रत्येकाकडून थोडी जमीन रस्त्यासाठी घ्यावयाची, आणि उरलेली नीट आखून ज्याची त्यास परत द्यावयाची. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, हीच रीत चालली. आधी रस्ता, मग घर!

हा क्रम पुढे उलटला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठची घरे वाहून गेली आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उठल्या. त्यानंतर कारखाने आले, माणसे आली, आणि शहराच्या कडेची शेते गुंठ्यांनी विकली जाऊ लागली. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याचे तुकडे पाडताना विकणारा रस्त्यासाठी बैलगाडीपुरती वाट सोडी, आणि तीही शेजाऱ्याच्या बांधाशी संपे. शेजाऱ्याने आपले शेत विकले, तेव्हा त्याने आपली वाट निराळी काढली. दोन घरांच्या मागील भिंती एकमेकींस टेकलेल्या, आणि या दारातून त्या दारात जाण्यास मात्र हमरस्त्यापर्यंतचा वळसा! अशा गल्लीत आगीचा बंब शिरला तरी वळत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची सोय झाली; परंतु घरांच्या मधून नवा रस्ता काढण्याची वेळ तोवर टळून गेली होती.

गावे महापालिकेत येतच राहिली: १९९७ मध्ये काही, २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये आणखी २३. बहुतेक ठिकाणी वस्ती आधी पोहोचली, नकाशा मागाहून. हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी मात्र जमीन तुकड्यांनी विकली नाही. सुमारे ४०० एकर एकत्र ठेवून तेथे आखीव नगर उभारले. १९१५ ची ती जुनी युक्ती त्यांनी आपल्या परीने पुन्हा वापरली. त्या नगराला फाटक आहे, एवढे एक न्यून. पेठेतल्या बोळाला ते नव्हते.