तिसरा रकाना

ऑगस्ट १९४७ मध्ये गुजराणवाला स्थानकावर एका व्यापाऱ्याचा माल जगाधरीसाठी रेल्वेच्या ताब्यात गेला आणि त्याच्या हाती रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी आली. त्याच महिन्यात फाळणी झाली. गुजराणवाला पाकिस्तानात गेले, जगाधरी भारतात राहिली. बिल्टीवरची दोन्ही गावे होती तिथेच होती, पण त्यांच्यामध्ये आता सरहद्द आली होती. माल जगाधरीला पोचला नाही.

ही हकीकत आज वाचायला मिळते ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ सालच्या निकालपत्रामुळे. त्यात नफ्यातोट्यापेक्षा तारखांचाच खल जास्त आहे. जानेवारी १९४८ मध्ये व्यापाऱ्याने रेल्वेकडे नुकसानभरपाईची लेखी मागणी केली. डिसेंबर १९४८ मध्ये रेल्वेचे पत्र आले: माल गुजराणवाल्यातच पडून आहे, पाकिस्तानच्या अधिकाऱ्यांचा परवाना मिळवलात तर तो हलवता येईल. डिसेंबर १९४९ मध्ये व्यापाऱ्याने दावा लावला. यांतल्या पहिल्या दोन तारखांपैकी मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, एवढाच प्रश्न अखेरीस उरला आणि त्यावरच दावा बुडाला.

त्या वेळी लागू होता १९०८ चा मुदतीचा कायदा. त्याच्या परिशिष्टात एक लांबलचक कोष्टक आहे, तीन रकान्यांचे. पहिल्यात दावा कशाचा, दुसऱ्यात मुदत किती, तिसऱ्यात ती मुदत कधीपासून धावू लागते. नोंद ३० मालाच्या हानीची किंवा नासधुशीची: मुदत एक वर्ष, हानी झाली त्या दिवसापासून. नोंद ३१ माल न पोचल्याची किंवा उशिरा पोचल्याची: मुदत तीच, एक वर्ष, पण तिसऱ्या रकान्यातली भाषा निराळी. तिथे म्हटले आहे की माल जेव्हा पोचता व्हायला हवा होता तेव्हापासून.

हा फरक बारीक वाटतो, पण त्यामागे विचार आहे. पेटी फुटली किंवा जळली तर ती घटना असते आणि घटनेला तारीख असते. माल न येणे ही घटनाच नव्हे. काही घडलेच नाही, तर त्याची तारीख कुठून आणायची? म्हणून कायद्याने एक कल्पित तारीख धरली: ज्या दिवशी माल दारात यायला हवा होता तो दिवस.

ती तारीख कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते. बिल्टीवर माल सोपवल्याचा दिवस असतो, पोचण्याचा नसतो. त्यामुळे न्यायालयांत दोन मते झाली: मुदत रेल्वेच्या नकारापासून मोजायची, की माल पोचायला लागणारा वाजवी काळ संपल्यापासून. १९२३ साली छापल्या गेलेल्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेविरुद्धचा दावा आहे. तिथे रेल्वेचा आणि मालधन्याचा पत्रव्यवहार चालू होता, तपास सुरू असल्याचे कळवले जात होते, स्पष्ट नकार आला नव्हता. न्यायालयाने दावा मुदतीत धरला. त्यातून निघालेली समजूत साधी होती: रेल्वे ‘देत नाही’ म्हणेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. व्यवहाराला धरूनच होती ती. समोरचा ‘शोधतो आहोत’ म्हणत असताना कोर्टाची पायरी कोण चढतो?

गुजराणवाल्याच्या व्यापाऱ्याचा हिशेबही याच समजुतीवर बेतलेला दिसतो. सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागे आणि तो काळ मुदतीतून वगळला जाई. म्हणजे त्याच्या हाती एकूण चौदा महिने. डिसेंबर १९४८ च्या पत्रापासून मोजले, तर डिसेंबर १९४९ चा दावा मुदतीत बसतो. पण जानेवारी १९४८ पासून मोजले, तर मुदत मार्च १९४९ मध्येच संपते आणि दावा सुमारे नऊ महिने उशिरा ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने दुसरा हिशेब स्वीकारला. कायद्याने ‘पोचता व्हायला हवा होता’ असे म्हटले आहे, ‘नकार मिळाला’ असे म्हटलेले नाही. एकाच्या जागी दुसरे वाचणे म्हणजे तिसऱ्या रकान्यात नवे शब्द घुसडणे. माल पोचण्याची तारीख ठरलेली असेल तर ती धरायची. नसेल तर परिस्थिती पाहून वाजवी किती दिवस लागले असते ते ठरवायचे. मागाहून झालेल्या पत्रव्यवहाराने तो वाजवी काळ लांबत नाही. फाळणीच्या गोंधळाला न्यायालयाने सूट दिली, पण तीही काही महिन्यांचीच. शिवाय ज्याने जानेवारी १९४८ मध्ये नुकसानभरपाई मागितली, त्याच्या लेखी तोवर माल यायलाच हवा होता; नाहीतर मागणी कशाची?

व्यापाऱ्याने एक गोष्ट मात्र वेळेवर केली होती. १८९० च्या रेल्वे कायद्यातले कलम ७७ सांगे की नुकसानभरपाईची लेखी मागणी सहा महिन्यांत करा. आणि हे सहा महिने मोजायचे माल रेल्वेच्या हवाली केल्यापासून. ऑगस्टचा माल आणि जानेवारीची मागणी, म्हणजे ही अट पाळली गेली. एकाच मालाला दोन घड्याळे लागली होती. मागणीचे घड्याळ माल सोपवताच सुरू झाले होते, दाव्याचे घड्याळ माल यायला हवा होता त्या दिवशी सुरू झाले. पहिले त्याला दिसले, दुसरे दिसले नाही.

निकालाच्या पुढच्याच वर्षी मुदतीचा नवा कायदा झाला. १९६३ च्या या कायद्यात वाहतूकदाराविरुद्धच्या अशा दाव्यांची मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर गेली. दुसरा रकाना बदलला. नोंद ११ मधला तिसरा रकाना मात्र जुन्याच शब्दांनी भरलेला आहे.

तेच शब्द समुद्रावर शोधले तर तिथेही सापडतात. २५ ऑगस्ट १९२४ रोजी ब्रुसेल्समध्ये जहाजी मालवाहतुकीच्या नियमांवर सह्या झाल्या. ते हेग नियम म्हणून ओळखले जातात. भारताने १९२५ च्या कायद्याने ते आपलेसे केले. तिसऱ्या कलमातल्या सहाव्या परिच्छेदाप्रमाणे माल पोचल्यापासून किंवा पोचायला हवा होता त्या तारखेपासून एका वर्षात दावा लावला नाही, तर जहाजवाला मोकळा. त्या कायद्यात हा नियम भारतीय बंदरातून निघणाऱ्या मालाला लागू होता. बोटीच्या कंपनीकडून ‘पुढच्या खेपेत पाहू’ असे उत्तर आले तरी वर्ष सरतच राही.

विमानाच्या बाबतीत १२ ऑक्टोबर १९२९ च्या वॉर्सा कराराने एक पाऊल पुढे टाकले. माल यायला हवा होता त्या तारखेनंतर सात दिवस गेले आणि माल आला नाही, की ज्याच्या नावे तो होता त्याला आपले हक्क बजावता येतात. आणि दोन वर्षांत दावा लावला नाही, तर हक्क संपतो. म्हणजे दार कधी उघडते आणि कधी बंद होते, दोन्ही ठरले. वर पाहिलेल्या नियमांत फक्त दार बंद होण्याची तारीख होती. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने हे सात दिवस आणि ही दोन वर्षे तशीच ठेवली; भारतात तो करार २००९ पासून लागू आहे.

टपालाचा मामला या सर्वांहून उलटा. जागतिक टपाल संघ १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झाला आणि भारत १८७६ मध्ये त्यात सामील झाला. संघाच्या नियमांत हरवलेल्या पार्सलच्या चौकशीला सहा महिने मिळतात, पण ते मोजायचे टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. घड्याळ पाठवणाऱ्याच्या गावी सुरू होते आणि भरपाईचा पहिला हक्कही पाठवणाऱ्याचा. वाट पाहणारा पावती मागतो, तेव्हा पावती असते सात समुद्रापलीकडे. परदेशी दुकानदाराने साध्या टपालाने पाठवलेल्या वस्तूची आपल्याकडच्या टपाल कचेरीत कितीही चौकशी केली, तरी प्रकरण पाठवणाऱ्याकडेच का वळवले जाते, त्याचे मूळ इथे आहे.

इथवरचे सगळे कागद वाहतूकदाराविरुद्धचे आहेत. याचेही कारण कायद्यात आहे. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ३९ सांगते की खरेदीदाराकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की सामान्यतः तो खरेदीदारालाच दिल्यासारखा. विक्रेता तिथेच मोकळा होई. राहता राहिले जहाज, रेल्वे, टपाल. घरबसल्या खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा नियम जाचक होता, कारण जहाज कोणते आणि आगगाडी कोणती हे त्याला ठाऊकच नसते. त्याला ठाऊक असतात फक्त दोघे: दुकान, आणि पैसे ज्याच्यामार्फत दिले ती बँक.

ब्रिटनने बँकेलाही या साखळीत ओढले. लॉर्ड क्राउथर यांच्या समितीने ग्राहककर्जाविषयी १९७१ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९७४ चा ग्राहककर्ज कायदा आला. त्याचे कलम ७५ असे: वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर गिऱ्हाईक विक्रेत्याइतकेच बँकेलाही जबाबदार धरू शकते. वस्तूची किंमत शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजारांपर्यंत असली पाहिजे. पण विक्रेता परदेशात असेल तर? कलम त्याबद्दल गप्प. बँकांचे म्हणणे, जगभरच्या दुकानदारांची जोखीम संसदेने आमच्या गळ्यात बांधली असेल हे संभवत नाही.

सरकारच्या व्यापारविषयक देखरेख कचेरीने प्रकरण न्यायालयात नेले. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने परदेशी खरेदीपुरता निकाल बँकांच्या बाजूने दिला. २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने शेवटचा शब्द दिला: कायदा परदेशी दुकानदाराला हातच लावत नाही, तो ब्रिटनमधल्या बँकेवर जबाबदारी टाकतो, मग माल कुठल्या देशातून यायचा होता याने काय फरक पडतो? कोल्हापूरच्या दुकानातून चपला मागवणाऱ्या लंडनच्या मराठी माणसालाही हे कलम लागू पडते, किंमत त्या मर्यादेत असेल तर. तिथे परदेशी विक्रेता आपणच.

कार्डांच्या जाळ्यांनी आपापले नियम वेगळे केले. व्हिसाच्या नियमांत वस्तू न मिळाल्याची तक्रार बँकेमार्फत करायला १२० दिवस असतात आणि ते वस्तू मिळण्याची जी शेवटची तारीख अपेक्षित होती तिथपासून मोजता येतात. मात्र व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पुढे काही झाले तरी नाही. गिऱ्हाइकाचे घड्याळ येण्याच्या तारखेपासून, आणि त्यावर झाकण म्हणून दुसरे घड्याळ पैसे दिल्यापासून. १९४७ च्या मालाला लागलेली दोन घड्याळे इथे पुन्हा एकत्र आली आहेत. पेपॅलने मात्र एकच ठेवले: पैसे दिल्यापासून १८० दिवस. आगाऊ नोंदणीची वस्तू सात महिन्यांनी येणार असेल, तर तिथे तक्रारीचा हक्क वस्तूच्या आधीच संपतो.

भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. तक्रार राहत्या गावच्या जिल्हा आयोगाकडे करता येते आणि कलम ६९ प्रमाणे दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. त्याच महिन्यात आलेले ई-वाणिज्य नियम भारतात कचेरी नसलेल्या, पण भारतीय गिऱ्हाइकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू केले आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी अट त्यांत आहे. पण ‘कारण घडले’ म्हणजे कधी? माल न येणे ही घटना नव्हे, हा जुना पेच इथेही उभा राहतो. त्यावर सर्वांत सुरक्षित उत्तर १९६२ चेच: माल यायला हवा होता तो दिवस.

हे सगळे कागद शेजारी मांडले की एक गोष्ट स्पष्ट होते. ‘पार्सल कस्टममध्ये आहे’, ‘आणखी दहा दिवस थांबा’, ‘तपास चालू आहे’ ही उत्तरे खोटी असतात असे नाही. गुजराणवाल्यात माल पडून असल्याचे पत्रही खोटे ठरले नव्हते. पण त्या पत्राने व्यापाऱ्याला मुदतीचा एकही दिवस जास्त मिळाला नाही. थांबायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. थांबण्याचा काळ मोजला मात्र जातोच.

म्हणून परदेशातून काही मागवताना तिसरा रकाना आपणच भरून ठेवावा. पैसे दिल्याची तारीख आणि विक्रेत्याने सांगितलेली पोचण्याची शेवटची तारीख, दोन्ही त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात आणि त्या पानाचे चित्र जपावे. पोचण्याची तारीख उलटली की लेखी विचारणा करावी, आठवडा-पंधरवडा वाट पाहावी आणि मग बँकेकडे तक्रार नोंदवावी. वस्तू उशिरा का होईना आली, तर तक्रार मागे घेता येते. गेलेली मुदत परत मिळत नाही.