ठाण्याची खाडी आणि आपण

ठाण्याची खाडी म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना आठवतो तो पुलावरून जाताना नाकाला लावलेला रुमाल. पण हे शहर वाढले ते तिच्याच काठी. शिलाहारांच्या काळी येथे मोठे बंदर होते, आणि तेराव्या शतकात मार्को पोलोनेही येथून बाहेर जाणाऱ्या कापडाची व कातड्याची नोंद केली आहे. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ साली मराठे, १७७४ साली इंग्रज. या सगळ्या राजवटींत काठाने मिठागरे बांधली गेली, कोळ्यांनी जाळी टाकली. एरवी पाण्याला कोणी फारसा हात लावला नाही.

हात लागला तो १८५४ साली, कल्याणच्या आगगाडीसाठी खाडीवर पूल झाला तेव्हा. नंतरचे वेगाने घडले. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पूर्वेच्या काठाने ठाणे-बेलापूर पट्टा पसरला. १९७३ साली वाशीचा पूल झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खाडी म्हणजे नदी नव्हे. ही सुमारे सव्वीस किलोमीटर लांबीची चिंचोळी जागा मुंबई बंदराकडे रुंद आणि ठाण्याकडे अरुंद आहे. पावसाळा सोडला तर वरून गोडे पाणी फारसे येत नाही. म्हणून ओहोटीने बाहेर नेलेली घाण भरती पुष्कळशी परत आणते आणि ती गाळात मुरते. तिवरांची झाडे त्याच गाळात उभी असतात. चिखलातून बोटांसारखी वर आलेली त्यांची मुळे श्वास घेतात, आणि मुळांच्या गुंत्यात कोळंबीची पिले वाढतात. तिवर तोडले की कोळ्याचे पोटही तुटते. हे उच्च न्यायालयाला २००५ साली सांगावे लागले. त्याआधी आपण त्या झाडांना जळण समजत होतो.

मग रोहित पक्षी, ज्यांना हल्ली सगळे फ्लेमिंगो म्हणतात, ते हजारोंनी येथे कसे येतात? आम्हीही हा प्रश्न विचारत असू. लहान रोहिताच्या चोचीत गाळणी असते. चिखलावरचे बारीक शेवाळ तो तिने खातो. शहराचे सांडपाणी शेवाळाला खत पुरवते, म्हणून पाखरांची पंगत भरते, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पाखरे आली म्हणून पाणी शुद्ध झाले, असा हिशेब मांडणारा फसेल. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला, याचा आम्हांला आनंदच आहे. पण निवट्या नि बोय कमी झाल्याचे कोळी सांगतात, त्यांच्यासाठी कोणी यादी केलेली नाही.

आता आमच्याकडचे. आम्ही या पट्ट्यातल्या कामगारांत आयुष्य घालवले. बोनस, हातमोजे, पाळीभत्ता, सगळ्यांसाठी भांडलो. एका रासायनिक कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) रात्रपाळीला मोठ्या भरतीच्या वेळी झडप उघडून रंगीत पाणी नाल्यात सोडत. झडप फिरवणारा हात आमच्याच सभासदाचा असे. मागण्यांच्या कोणत्याही पत्रकात आम्ही त्या झडपेचा उल्लेख केला नाही.

पुढे कारखान्याला सांडपाण्यावरून नोटीस आली. मालक म्हणाले, बंद करावा लागेल. आम्ही फाटकावर सभा घेतली आणि नोटिशीविरुद्ध मोर्चा काढला. त्यात ऐरोली-घणसोलीकडची कोळ्यांची पोरेही होती. जाळ्यात काही येईनासे झाले म्हणूनच बापांनी त्यांना कारखान्यात चिकटवले होते. घोषणा आम्हीच देत होतो, आणि ती पोरे मागून त्या उचलून धरत होती.