मुलींची बाजी, आणि परीक्षेला न बसलेल्या मुली

निकालाच्या दिवशी आम्हा पत्रकारांना हेडलाइन शोधावी लागत नाही. 'यंदाही मुलींचीच बाजी' ही ओळ वर्षानुवर्षं तयार आहे. 2025च्या दहावीत मुली 96.14 टक्के पास झाल्या, मुलगे 92.31. बारावीत तर फरक पाच टक्क्यांचा. मग टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत कारणं सुरू होतात. मुली मुळातच अभ्यासू, मुलगे मुळातच उनाड. हा 'मुळातच' मला खटकतो, कारण याच महाराष्ट्रात एकेकाळी नेमकं उलटं 'मुळातच' सांगितलं जायचं.

1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आज आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो. पाठीशी रानडे, भांडारकरांसारखी माणसं होती. तरी वाद पेटलाच, आणि तो बराचसा वेळापत्रकावरून. शाळा अकरा ते पाच. टिळकांच्या 'मराठा'चा आक्षेप असा, की एवढा वेळ मुली शाळेत बसल्या तर घरकामाचं काय? आणि मुलांसारखं इंग्रजी, गणित, शास्त्र त्यांना कशाला? (आता काही जण कमेंटमध्ये उतरतील, माहीत आहे. टिळकांचं मोठेपण मलाही मान्य आहे, पण हेही त्यांच्याच पत्रातलं आहे.) आगरकरांचं म्हणणं बरोबर उलटं. दोघांना एकच शिक्षण द्या, आणि तेही एकत्र.

हा वाद चालू असतानाच नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात बसून बी.ए.च्या परीक्षेत आपल्या तुकडीत पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिला नाकारली, कारण ती बाई. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि 1889 साली ती ऑक्सफर्डला गेली. 1892 साली तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली 1922 साली. तीस वर्षांनी! त्या काळात कुणी निकालाचे तक्ते मांडून 'मुली मागेच' असं लिहिलं असतं, तर त्या तक्त्यात ही कुठे दिसली असती?

विरोधकांचं सोडा, मुलींच्या बाजूने उभे असलेलेही वेगळ्या अभ्यासक्रमाच्या मोहातून सुटले नाहीत. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केलं. मराठीतून शिक्षण, ही त्यांची मोठीच देणगी. पण बाईचं काम वेगळं म्हणून घरसंसाराचे विषय, हेही सोबत आलंच. गणित-विज्ञान शाळेत सगळ्यांनाच हवं, हे देशाच्या शैक्षणिक धोरणात यायला 1968 उजाडलं. आपल्याकडे नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी 1975ची. नंतर मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली, एसटीचा मोफत पास आला. मेंदू तेच होते हो, बदलले ते नियम.

आता आजची बाजी. 2025च्या दहावीला नोंदणी होती 8,64,120 मुलग्यांची आणि 7,47,471 मुलींची. म्हणजे हजार मुलग्यांमागे 865 मुली. यात पुन्हा बसणारे आणि बाहेरून बसणारेही आहेत, त्यात मुलगे जास्त, म्हणून सगळा फरक गळतीचा म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. ही मुलं 2011च्या जनगणनेत रांगणारी-चालणारी होती, आणि तेव्हा राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 894. बीडला 807. म्हणजे मुलींची पहिली चाळणी शाळेआधी, सोनोग्राफीच्या खोलीतच झालेली.

दुसरी चाळणी लग्नाची. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक! खेड्यापाड्यांत फिरताना मी हेच पाहत आलोय. कच्चा मुलगा पुरवणी परीक्षेला, मार्चला पुन्हा फॉर्म भरतो. कच्ची मुलगी नववीतच घरी बसते, मग स्थळं येतात. त्यामुळे परीक्षेला पोचते ती बरीचशी निवडून आलेली मुलगी, आणि तिला पक्कं ठाऊक असतं की नापास झालं तर दार बंद. ती अभ्यास करणार नाही तर काय करेल? मुलग्यांची पीछेहाट खोटी आहे असं मी म्हणत नाही. शेतावर, गॅरेजवर लवकर जुंपलेला आणि 'बाहेर फिरला तरी चालतं' म्हणून मोकळा सोडलेला मुलगा खरंच मागे पडतोय, आणि त्याच्याबद्दल कुणी हेडलाइन करत नाही.

2025ला दहावी दिलेली मुलं 2019-20ला पाचवीत होती. तेव्हाच्या हजेरीपटावर मुली किती होत्या आणि दहावीला किती बसल्या, हा हिशोब प्रत्येक शाळेत निघू शकतो. आपल्या तालुक्यातल्या शाळांकडे मी तो मागतोय. तुमच्या गावचा मिळाला तर खाली टाका, मुलींची नावं नकोत, फक्त आकडे.