आभासी तानपुरा : ध्वनिमुद्रणातील स्वरभेद

खऱ्या वाद्याच्या मुद्रित नमुन्यांवर आधारलेला, संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डवरून वाजणारा तानपुरा. सुटा ऐकताना गोड वाटणारा हा आवाज ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा वेगळाच लागतो.

स्वरच चढला असेल, तर प्रथम नमुनादर पाहावा. ४४.१ किलोहर्ट्‌झचा नमुना ४८ च्या दराने वाजला, की पट्टी सुमारे दीड अर्धस्वराने चढते; पांढरी एकचा षड्ज काळी एक व पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी जाऊन बसतो. आवाज बोथट किंवा कर्कश झाला असेल, तर दोष बहुधा आघातमूल्याचा (कळ किती जोराने दाबली ते सांगणारा ० ते १२७ मधील आकडा) असतो. शिवाय सॉफ्टवेअरने नकळत चढवलेला घुमारा आधी बंद करून ऐकावे.

गंधार जुळत नाही ही तक्रार मात्र बिघाड नव्हे. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार कीबोर्डच्या समविभाजित गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने उतरलेला असतो. त्यामुळे सोबत हार्मोनियमचा आवाज घेतला, की दोघांचे जमत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमधील स्वरांतरे बदलावी लागतात.

खऱ्या तानपुऱ्यात कारागीर घोडीचा माथा घासून जवारी (तारेचा झणकार) काढतो. पुढे वादक तारेखालचा दोरा केसभर सरकवून ती खुलवतो. नमुन्यात मात्र एकच जवारी गोठलेली असते. पट्टी फार बदलली तर तीही ताणली जाते व तानपुरा पत्र्यासारखा वाजू लागतो. त्यावर उपाय एकच : गायकाच्या पट्टीतलाच नमुना निवडणे.