गणेशखिंडीची वाट

लवळ्याहून पुण्याला जायची आमच्या घरची जुनी वाट नांदे, सूस, पाषाण करत गणेशखिंडीला लागे. पणजोबा त्या वाटेनं गवताचे भारे आणि जळण घेऊन जात. खिंडीत गव्हर्नराचा बंगला होता. आज तिथं विद्यापीठ आहे. त्यामुळे 1897 सालचं पुणं मला आधी कळलं ते आजीकडून, आणि तेही गवत का खपलं नाही इथपासून.

आजीनं ते काही पाहिलेलं नव्हतं. तिला सासऱ्यानं सांगितलेलं. "पलेग आला तवा सोजीर घरात शिरायचं," ती सांगायला लागे, "चुलीपातूर, देव्हाऱ्यापातूर." पुढे पुस्तकांत वाचलं ते याहून फार वेगळं नव्हतं. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड आला आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्या माणसांची स्वारगेटच्या छावणीत रवानगी, सामानाची जाळपोळ. रोग खरा होता आणि माणसं मरत होती, हे विसरून चालणार नाही. टिळकांनीही शहर न सोडता हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढलं. चीड होती ती उपाय करण्याच्या रीतीची.

22 जूनला राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ गणेशखिंडीत झाला. रात्री तिथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. मारणारे चिंचवडचे चापेकर बंधू. पणजोबांनी म्हणे त्या रात्री बग्गी स्वतः पाहिली. मला हे पटत नाही. खिंडीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात एखादं तरी घर असं असणारच, की ज्यातल्या कुणी ना कुणी ती बग्गी पाहिली. गवत खपलं नाही, जळणाचे भारे वाटेत उतरवून त्यांत हात घालून पाहिले, हे मात्र मी मानतो. असलं कंटाळवाणं कुणी मुद्दाम रचत नाही.

खुनानंतर सरकारनं शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. नातू बंधूंना खटला न चालवताच अटकेत टाकलं. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सजा झाली.

या सगळ्यात मला गोखल्यांची गोष्ट अडकवून ठेवते. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी शिपायांनी बायकांवर अत्याचार केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा साक्षीला कुणी उभं राहीना. टिळक नुकतेच पकडले गेले होते. कोण येणार पुढे? गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांची नावं उघड केली नाहीत आणि ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. त्यापायी आपल्याच लोकांची बोलणीही खाल्ली.

आमच्या आजीच्या गोष्टीत अशी एक बाई होती. गाववाल्यांच्या नात्यातली, शहरात दिलेली. झडती झाल्यावर ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. कुणाच्या घरातली, असं विचारलं की आजी म्हणे, "तुला काय करायचंय घर?" आणि निवडायला घेतलेल्या तांदळाकडे वळे. पन्नास-साठ वर्षं उलटून गेली होती, तो साहेब नव्हता, त्याचं राज्यही नव्हतं. अशा साक्षीला कोर्टात किंमत नाही हे मला कळतं. गोखल्यांकडे आलेल्या पत्रांत काय असेल, याचा अदमास मात्र मला आजीच्या त्या गप्प बसण्यावरूनच येतो.

आजोबांची तऱ्हा निराळी. 1942 साली ते त्याच वाटेनं शिवाजीनगरला दूध घालत. ऑगस्टात काँग्रेस भवनावर तिरंगा लावायला गेलेला नारायण दाभाडे हा कोवळा पोरगा पोलिसांच्या गोळीनं मेला. आजोबा त्याचं नाव, आडनाव, सगळं मोठ्यानं सांगत. पारावर, एसटीत, समोर पोलीसपाटील बसलेला असला तरीही.